सातबारा लावलेल्या सह्या

राखी रागीट हाये, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. खैरटोल्यात असी दुसरी पोरगी झाली नाही. सानगडीपासून साकोलीपर्यंत धुंडलं तरी भेटनार नाही. ज्याले पटत नसन त्यानं धुंडून पाहावं.

सहावीत होती तवाची गोष्ट. गनिताच्या पेपरात गुरुजीची बेरीज चुकली अन् तिले दोन मार्क जास्त पडले. दुसरं कोनी असतं तं पेपर गुपचूप दप्तरात कोंबला असता. राखी गुरुजीच्या घरी गेली. गुरुजी जेवाले बसले होते.

"राहू दे ना वं पोरी, दोनच तं हायेत."

"दोन माहे नाहीत. काटा."

गुरुजी हासले, तं ही दारात उभी राहून पाय आपटून रडली. दुःखानं नाही, रागानं. शेवटी गुरुजीनं डाव्या हातानं लाल पेन उचलला अन् चौऱ्यायसीचे ब्यायसी केले, तवाच ती दारातून हालली. पहिला नंबर गेला. पन साऱ्या टोल्याले समजलं का ही वस्तू वेगळी हाये.

तिचा मोठा भाऊ भोजराज. बारावीत दोनदा आपटला अन् मंग सानगडीच्या बाजारचौकात झेरॉक्सचं दुकान टाकलं. मशीन जुनी. कोनताही कागद टाका, उजव्या बाजूनं वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ वढूनच बाहेर येते. लोकं म्हनत, "भोजराज, मशीन बदल ना बापा." तो म्हने, "रेघ दिसली का तहसीलवाल्याले समजते, माल भोजराजचा हाये." दुकानात देवाचा फोटो एक अन् राखीचे सात. भाषनाचा कप घेताना, कबड्डीत, कॉलेजच्या फाटकावर. गिऱ्हाईक कागद घ्याले येवो का सुटे पैसे मांगाले, बहिनीचं एक तरी कौतुक आयकल्याबिगर त्याले सुटका नाही. कौतुक करन्यासारखी बहीन होती म्हनूनच करे तो.

बी.ए.च्या शेवटच्या वर्साले कॉलेजनं सांगतलं का दोन महिने कुठी तरी इंटर्न म्हनून काम करा, प्रमानपत्र आना, त्याचे चार क्रेडिट भेटतीन. प्रमानपत्र नाही तं पदवी नाही. बाकीच्या पोरी बँकेत गेल्या, पतसंस्थेत गेल्या. राखीनं नागपूरचा 'अणुमुक्त मंच' निवडला. साऱ्या देशाइनं, आपल्या देशानंसुद्धा, अणुबॉम्ब मोडून टाकावे, हे त्या मंचाचं मागनं. त्याइचा एक मानूस कॉलेजात बोलाले आला होता. त्यानं जपानचं सांगतलं. बॉम्ब पडल्यावर भाजलेले लोकं पानी पानी करत नदीकडे धावले अन् नदीतच मेले, इतके का पानी दिसेना. खैरटोल्याची पोरगी तलावाच्या पारीवर, म्हंजे बांधावर, वाढलेली. पान्यात उभं राहून मानूस पान्यासाठी मरते, हे तिच्या डोक्यातून निंगेच ना.

कौशल्याबाई, तिची माय, भाजी निवडता निवडता म्हने, "अवं, बॉम्ब कुठी अन् आपन कुठी? बँकेत जा. पंख्याखाली बसशीन."

"माय, बॉम्ब पडला तं बँकेचा पंखाही फिरनार नाही."

"तोंड पाहा हिचं," माय म्हने. पन दुसऱ्या दिवसी डबा तिनंच बांधून देल्ला.

काम असं होतं. एका कागदावर मागनं छापलेलं, खाली एका जनाची सही. सहा ऑगस्टले, जपानवर बॉम्ब पडला त्या तारखेले, सारे कागद दिल्लीले जानार. पाच इंटर्न, हरेकाले गावं वाटून देल्ले. राखीले सानगडीच्या आजूबाजूचे गावं आले. रोवनीचे दिवस. बाया सकाळपासून बांदीत, धानाच्या खाचरात, चिखलात वाकलेल्या. त्याइले थांबवून भाषन देनं म्हंजे शिव्या खानं. राखीनं सलवार गुडघ्यापर्यंत खोचली, पऱ्हाची, धानाच्या रोपाची, पेंडी हातात घेतली अन् त्याइच्या वळीत उतरली. रोवता रोवता सांगे.

"कोनता बॉम्ब वं? दिवाळीचा?"

"नाही मावशी. एक पडला तं अख्खं नागपूर साफ."

"अख्खं? माहा जावई नागपुरातच हाये ना!"

"तोही साफ."

"मंग पडू दे एक," मावशी म्हने, अन् साऱ्या बांदीतल्या बाया हासून हासून चिखलात बसल्या.

पन हासल्यावर आयकत. चिखलाच्या हातानं सही होत नाही, म्हनून संध्याकाळी राखी घरोघरी जाये. कागद वाचून दाखवे. कोनी म्हने, "आमाले पटत नाही," तं वाद घाले, अन् तरी नाही पटलं तं पुढच्या घरी. अकरा दिवसात अडतीस सह्या झाल्या. अडतीस! पन त्या अडतीस जनाले झोपेतून उठवून विचारलं असतं तं सही कायची हे त्याइनं सांगतलं असतं. आपलं गाव तिनं शेवटी ठेवलं होतं. घरच्या लोकाइले तयारी करून सांगावं लागते, म्हने.

तेवढ्यात मंचाच्या अतुल सराचा फोन आला. मोहाडीकडची इंटर्न टीना तापानं पडली होती. "राखी, तू आठ दिवस मोहाडी सांभाळ. तुझ्या भागात मी प्रितमला पाठवतो." प्रितम तुमसरचा. चांगल्या घरचा, गाडीवर फिरनारा, गोड बोलनारा पोरगा. राखी मोहाडीले गेली. तिथंही चिखल, तिथंही वाद, अन् आठ दिवसात एकोनतीस सह्या.

त्यानंतर साऱ्या इंटर्नले नागपूरच्या हापिसात बलावलं, कागद लावाले. अतुल सर खूस होते. साऱ्याइसमोर म्हनाले, "प्रितमकडून शिका जरा. खैरटोला आणि सानगडी, तीन दिवस, चारशे बारा सह्या! आणि राखी, तू तर तिथलीच ना?"

राखीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं प्रितमचा गठ्ठा वढला, वरचा कागद उलटला, अन् हात तिथंच थांबला. सहीच्या कागदाले पिन मारून सातबारा लावलेला. त्याच्या मागं आधारचं झेरॉक्स. दुसरा कागद, तसंच. तिसरा, तसंच. काही जनाइनं तं फोटोही चिपकवला होता.

आपल्याकडे कोनताही अर्ज कागदपत्रं लावल्याबिगर जात नाही. विहिरीचा असो का घरकुलाचा, लोकं मांगायच्या आधीच सातबारा अन् आधार काढून ठेवतात. पन बॉम्ब मोडाले सातबारा कोन लावते? अन् हरेक झेरॉक्सच्या उजव्या बाजूले, वरपासून खालपर्यंत, एक काळी रेघ.

तिनं तिथूनच फोन लावला. "दादा, तुह्या दुकानातून खैरटोल्याच्या लोकाइनं सातबारे काहून काढले?"

तिकडून भोजराजचा आवाज, असा का बाजूच्या टेबलावरच्या पोराइलेही आयकू आला. "अवं, तीन दिवस लाईन होती लाईन! मी साऱ्याइले सांगतलं, माह्या बहिनीचं काम हाये, डोळे मिटून सही मारा. तुडूम होऊन राहिली ना आता आपली!"

तुडूम म्हंजे तलावाच्या पारीतलं पानी सोडाचं दार. खैरटोल्याची तुडूम चार वर्सापासून मोडलेली. पाहिजे तवा पानी सुटत नाही, नको तवा थांबत नाही. खालच्या बांद्या एका वर्सी बुडतात, एका वर्सी फाटतात. गावात दुसरा विषयच नाही.

"तुडूमचा अर्ज हाये असं कोनं सांगतलं?"

"तूनंच पाठवलेल्या पोरानं. काहून?"

"कागद वाचला नाही का तूनं?"

"तुह्या नावाचा कागद," भोजराज म्हने, "मी कायले वाचू?"

राखीनं फोन ठेवला. प्रितम भिंतीले टेकून चहा पीऊन राहिला होता.

"तूनं तुडूम सांगतलं?"

"मैंने क्या किया? लोकाइनंच विचारलं, तलावाचं हाये का? मी हो म्हनलं. एवढं काय त्यात?"

"अन् माहं नाव?"

"तुझं नाव घेतलं का चहा पन देत होते यार. मस्त गाव हाये तुझं."

चहाचा कप राखीनं त्याच्या हातातून काढला अन् खिडकीतून फेकला.

अतुल सर उठले. "राखी, शांत हो. पद्धत चुकली, मान्य. पण सही ही सही असते. दिल्लीत कोण सातबारा बघणार आहे? पिना काढू, मागचे कागद फेकून देऊ. आपलं काम केवढं मोठं आहे ते लक्षात घे. माणुसकीसाठी आहे हे."

"मानुसकी काय दिल्लीलेच राह्यते, सर? खैरटोल्यात नाही राहत?"

"हे बघ, तुझं प्रमाणपत्र माझ्या सहीनं जातं. विचार करून बोल."

"तुमाले सह्याच पाहिजे होत्या तं गनपतीच्या वर्गनीच्या वह्या आनून देल्ल्या असत्या! तिथंही चारशे सह्या राह्यतात!" राखीचा आवाज चिरला. "त्याइनं आपल्या जमिनीचा कागद लावला सर. जमिनीचा. अन् तुमी फेकून देऊ म्हनता."

तिनं तो गठ्ठा अन् आपल्या सदुसष्ट सह्या बॅगमंधी कोंबल्या. "ते मंचाचे कागद आहेत!" अतुल सर मागून वरडले. ती जिन्यावरून म्हने, "सातबारे माह्या गावाचे हायेत. मंचाचा एकही नाही." अन् बसस्टँडले गेली. चार क्रेडिट मागं त्या जिन्यातच राहिले, हे तिले पुरतं समजत होतं. साकोलीपर्यंत तिनं बॅग मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरी भोजराजले समजलं तं तो पागलच झाला. गाडीची चाबी घेतली. "तुमसर किती दूर हाये? त्याच्या घरासमोर त्याले झोडपून येतो."

"बस खाली."

"माह्या बहिनीच्या नावानं—"

"माह्या नावानं तो एकदा बोलला, दादा. दुकानातून तीन दिवस कोन वरडलं? डोळे मिटून सही मारा, कोन म्हनलं?"

भोजराजनं चाबी खुटीले लटकवली. माय चुलीजवळून पाहत होती.

दुसऱ्या दिवसी सकाळी राखीनं साऱ्या गावाले तलावाच्या पारीवर बलावलं. बलवाले भोजराजच घरोघरी गेला, पन ह्या वेळी आवाज बारीक करून. लोकं खुसीत आले. कोनाले वाटलं इंजिनियर येऊन राहिला. म्हातारी सीताबाई काठी टेकत साऱ्याइच्या समोर येऊन बसली. तिची बांदी अगदी शेवटची. तुडूम मोडल्यापासून तिच्या बांदीत धानापेक्षा गवतच जास्त.

राखी मोडक्या तुडूमीच्या दगडावर उभी राहिली. "हे कागद तुडूमसाठी नव्हते," तिनं सांगतलं. "बॉम्बच्या विरोधातले होते. तुमाले खोटं सांगतलं."

मंग सीताबाई म्हने, "म्हंजे आमाले येडं बनवलं?"

"हो आजी. बनवलं."

"कोनं वं?"

प्रितमचं नाव तिच्या ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. "माह्या नावानं बनवलं."

मंग सुटले सारे. चंद्रकुमार, ज्याची बांदी सीताबाईच्या बाजूले, म्हने, "शिकली ना बापा! गाव दिल्लीले इकून आली!" कोनी म्हने, "माहा सातबारा कुठी कुठी फिरला कोनाले मालूम!" एक बाई म्हने, "मी तं रोवनी सोडून सही देल्ली हिले." भोजराज बाह्या सारून समोर आला. राखीनं त्याले हातानं मागं केलं.

"दादा, चूप. खरं बोलून राहिले ते."

भोजराज थांबला. मंग साऱ्याइकडं वळून म्हने, "कागद माह्या दुकानात तीन दिवस पडून होता. मी वाचला नाही. तुमाले सही माराले मीच सांगतलं. शिव्या द्याच्या तं मले द्या." असं सांगाले छाती लागते, अन् ते त्या घरात दोघाइजवळही हाये.

तवा मागून फौजी काका बोलले. घनश्याम नाव, पन वीस वर्स सैन्यात होते म्हनून सारे फौजी काकाच म्हनतात. "मी वाचला होता. त्या पोराले म्हनलं, ह्यात तुडूम कुठी लिव्हली? तुमाले सांगतलं तं तुमी सारे माह्यावर हासले. म्हने, फौजी सठियाला."

कोनीच त्याइच्याकडे पाहेना.

राखीनं एकेकाचं नाव वाचलं. ज्याचा त्याले सातबारा वापस, अन् ज्याची सही त्याच्याच हातानं काटली. तिचा पेन संपला, फौजी काकाइनं आपला देल्ला. ऊन डोक्यावर आलं तरी काम चालू होतं. सानगडीच्या सह्याइसाठी ती अन् भोजराज दुसऱ्या दिवसी दुकानासमोर टेबल टाकून बसले. चारशे बाराच्या चारशे बारा काटल्या. एक ठेवली नाही. सहावीतल्या दोन मार्काइसारखं.

अन् त्याच पारीवर, कागद वाटून झाल्यावर, तिनं मंचाचा कोरा कागद काढला. काय हिंमत पाहा. लोकं आताच शिव्या देऊन थकले होते. म्हने, "आता हा खरा काय हाये ते वाचून दाखवतो. आयकाचं त्यानं आयका."

अर्धे उठून गेले. बाकीच्याइले तिनं सारं वाचून दाखवलं. नदी, पानी, सारं. चोवीस जनाइनं सही केली.

फौजी काका म्हने, "पह्यले पाकिस्तानले सही कराले लाव. मंग मी करतो."

"काका, तिकडंही असीच एखादी पोरगी फिरत असन. तिलेही लोकं म्हनत असतीन, पह्यले हिंदुस्थानले लाव."

"तं फिरू दे तिले. मी सीमेवर उभा राहिलो हावो, तू नाही. मी नाही करत."

"नका करू. वाचून नाही म्हनता ना? मले चालते."

काका म्हने, "आता एक काम कर. सातबारे साऱ्याइच्या हातात हायेतच. तुडूमचा अर्ज खरंच लिव्ह. अन् लिव्हाचा तं धड लिव्ह, मी सांगतो तसा."

तसा लिव्हला. ह्या वेळी सही कराच्या आधी प्रत्येकानं वाचून घेतला, अन् ज्याले वाचता येत नव्हतं त्यानं दोघा दोघाइकडून वाचवून घेतला. चंद्रकुमारनं तं तीनदा. साकोलीच्या हापिसात अर्ज देल्ला, शिक्क्याची पोच भेटली. तुडूम अजून तसीच हाये. हापिसातला बाबू म्हनते, पाहू. दर सोमवारी राखी जाऊन त्याच्या टेबलासमोर उभी राह्यते. तो आता तिले पाहूनच पानी मांगते.

सहा ऑगस्टच्या दोन दिवस आधी अतुल सराचा फोन आला. राखी दुकानातच होती. "राखी, झालं ते झालं. ते चारशे कागद पाठवून दे, मी प्रमाणपत्रावर सही करतो. तुझं वर्ष वाया जाईल गं."

"चारशे काटले सर. माह्याजवळ एक्यान्नव हायेत. मी सोताच दिल्लीले पोस्टानं टाकतो."

"एक्याण्णव सह्यांनी काय होणार आहे?"

"तुमच्या चारशेनं काय होनार होतं?" तिनं फोन कापला. भोजराजनं फक्त टेबलफॅन तिच्याकडे वळवला.

प्रमानपत्र आलं नाही. पुढच्या वर्सी दुसरीकडे दोन महिने कराचे, तवा पदवी. भोजराज गिऱ्हाइकाइले सांगते, "माह्या बहिनीनं पदवी सोडली, गाव नाही सोडलं." तो सांगीनच. अन् त्यानं काहून नाही सांगावं?

पाच ऑगस्टले राखी लिफाफ्याले गोंद लावून राहिली होती तवा सीताबाई काठी टेकत दुकानात आली. पारीवर त्या दिवसी ती आपली सही काटून, तोंड फिरवून गेली होती. त्यानंतर राखीसोबत बोलली नव्हती.

"तो कागद वाच," म्हने. "पान्याचं काय लिव्हलं ते."

राखीनं वाचलं. सीताबाईनं डोळे मिटून आयकलं.

"नदीत उभे राहून पानी मांगत होते?"

"हो आजी."

"पेन दे." बचत गटात शिकलेली सही तिनं एकेक अक्षर वढत केली, जीभ दाताखाली धरून. मंग कमरेच्या चंचीतून घडी केलेला सातबारा काढला अन् कागदावर ठेवला.

"आजी, ह्याले सातबारा नाही लागत. ते तं खोटं होतं ना."

"नाही लागत?" म्हातारी चिडली. "मंग दिल्लीवाल्याले कसं समजन, सीताबाई कोन हाये ते? कोनीही सही करन अन् म्हनन मी सीताबाई!"

राखीनं भावाकडे पाहिलं. भोजराज उठला, सातबारा मशीनमंधी ठेवला. उजव्या बाजूनं काळी रेघ वढत झेरॉक्स बाहेर आलं. राखीनं ते सहीच्या मागं लावलं, दोन पिना मारल्या, अन् मंगच लिफाफा बंद केला.